छान आहे, सांभाळून ठेवा

लोकांच्या घरी नवीन वस्तू वापरायला ठेवून यायची आणि काही दिवसांनी पुन्हा जाऊन ती कशी वाटली ते विचारायचं, हे तिचं काम. घरगुती वस्तू करणाऱ्या कंपनीत ती या कामावर लागली तेव्हा नातेवाइकांना वाटलं, यात काय मोठंसं? दार वाजवायचं, हसायचं, उत्तर लिहून घ्यायचं. पण माणसं किती गोड खोटं बोलतात हे ज्याला पाहायचं असेल त्याने हे काम करून बघावं. फुकट मिळालेल्या वस्तूला तोंडावर वाईट म्हणणं कुणाच्याही जिवावर येतं. समोर चांगली हसतमुख बाई बसलेली, आपल्याच घरचा चहा पीत, आणि तिला काय सांगायचं, की बाई, तुमच्या किसणीने माझी बोटं सोलली? त्यापेक्षा ‘छान आहे’ म्हटलं की विषय मिटतो.

त्यामुळे ‘छान’ या शब्दाला ती फार भीत असे. हळूहळू तिने कानांवर विसंबणं सोडलं आणि डोळे उघडे ठेवायला सुरुवात केली. वस्तू ओट्यावर ओल्या बुडाने उभी दिसली, तिच्या कडेला डाग दिसला, की तिचा जीव भांड्यात पडे. तीच वस्तू पुसून, दर्शनी भागात, काचेमागे ठेवलेली दिसली की समजायचं, आटोपलं हिचं. आणि एखादी बाई दारातच भांडायला उठली, ‘अहो, काय ते झाकण, माझं मनगट गेलं कामातून’, की ती मनातून खूश होई. मनगट कामातून जाईपर्यंत वापरलं म्हणजे झाकण चालणार. ऑफिसात यावरून तिची थट्टा व्हायची. ‘काय, आज किती शिव्या खाऊन आलात?’ असं मोठे साहेबसुद्धा विचारत.

ही विद्या तिला ऑफिसात मिळाली नव्हती. ती वडिलांच्या दुकानातली होती.

वडील घड्याळं दुरुस्त करत. बाजाराच्या तोंडाशी, एका जिन्याखालच्या जागेत त्यांचं दुकान होतं. खुर्ची मागे सरकवली की भिंतीला आपटायची. सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. शाळा सुटली की ती तिथे जाऊन कोपऱ्यात अभ्यासाला बसे. गिऱ्हाइकाने घड्याळ पुढे केलं की बाबा डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडत, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असे. ‘कोणत्या गाढवानं हात लावलाय याला?’ पुष्कळदा ते गाढव समोरच उभं असे. मग घड्याळाला, ते घडवणाऱ्याला, चावीला, पट्ट्याला नावं ठेवत ठेवत ते कामाला लागत, आणि कोपऱ्यातल्या मुलीला कळे की हे घड्याळ वाचलं.

कधी कधी मात्र झाकण उघडल्यावर ते बराच वेळ गप्प राहत. मग झाकण अलगद लावत, पिवळ्या मऊ फडक्याने काच पुसत आणि घड्याळ दोन्ही हातांनी परत देत. ‘याला आता त्रास देऊ नका. छान आहे. सांभाळून ठेवा.’ गिऱ्हाईक अर्धवट समजून, अर्धवट खूश होऊन निघून जाई. एकदा तिने विचारलं, ‘बाबा, ते बंद पडलंय असं सरळ का नाही सांगत?’ बाबा म्हणाले, ‘अगं, कुणाच्या वडिलांचं असतं, कुणाच्या नवऱ्याचं. गेलं म्हणून कसं सांगायचं?’ तेव्हापासून त्यांच्या तोंडून ‘छान’ ऐकलं की ती समजे, हे घड्याळ गेलं.

तिचा धाकटा भाऊ त्या दुकानात कधी बसला नाही. त्याला जुनं सांधण्यात रस नव्हता. नवीन काहीतरी करायचं होतं. शिकला, आणि पुढे ताईच्याच कंपनीत वस्तूंचे नमुने घडवणाऱ्या विभागात लागला. दुकान घेणार नाही असं त्याने सांगितलं त्या दिवशी बाबा एवढंच बोलले होते, ‘नवीन काय, कुणीही करतं. चालू ठेवून दाखव.’ तो घाव धाकट्याने मनात धरला. त्यानंतर बापलेकांमध्ये बोलणं उरलं ते कामापुरतं, आणि तेही तिच्या मार्फत. ‘तुझ्या भावाला सांग.’ ‘ताई, बाबांना विचार.’ दोघं एका खोलीत बसलेले असतानाही हे चाले. पोस्टमनला निदान पगार असतो, असं ती गमतीने म्हणायची, आणि दोघांपैकी एकही हसत नसे.

मग बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. घड्याळाचा केसाएवढा स्क्रू चिमट्याने उचलणारा तो हात. दुकान बंद झालं. एके दिवशी शेजाऱ्यांकडे चहा घेताना कप बशीवर वाजायला लागला, थांबेना, आणि सगळा चहा बाबांच्या सदऱ्यावर आणि शेजाऱ्यांच्या नव्या सोफ्यावर सांडला. शेजारीणबाई मनाने चांगल्या. ‘असू दे काका, असू दे,’ म्हणत त्यांनी फडकं आणलं. ते ‘असू दे’ बाबांना बोचलं. त्यानंतर कुणीही चहा विचारला की ‘आत्ताच झाला’ हे उत्तर तयार. धाकटा घरी आला की ते उजवा हात वर्तमानपत्राखाली घेऊन बसत आणि तो जाईपर्यंत बाहेर काढत नसत.

पण धाकट्याच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. त्याने एक कप घडवला. बूड जड, म्हणजे कलंडू नये. दोन्हीकडे दोन मोठे कान, म्हणजे दोन्ही हातांनी धरता यावा. वर झाकण, झाकणाला चोच, आणि रंग भडक नारिंगी, म्हणजे मंद नजरेलाही दिसावा. त्या कपासाठी तो साहेबांशी भांडला, सुट्टीच्या दिवशीही कारखान्यात जाऊन बसला. कपाचं नाव ठेवलं ‘आधार’. खोक्यावर एक हसरे आजोबा आणि खाली ठळक अक्षरांत ‘थरथरत्या हातांसाठी’. हे सगळं तो कुणासाठी करतोय हे त्याने ताईलाही कधी सांगितलं नाही, आणि सांगायची गरज नव्हती.

कप घरोघर ठेवण्याचं काम साहजिकच तिच्याकडे आलं. काही दिवसांनी ती परत फिरली तेव्हा सगळीकडे ‘आधार’चं तोंडभरून कौतुक झालं, आणि तिचा चेहरा उतरत गेला. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने तो काचेच्या कपाटात, शाळेने दिलेल्या ढालींच्या रांगेत ठेवला होता. एक काका म्हणाले, ‘फारच छान. पेनं कशी ताठ उभी राहतात यात.’ एका घरी सूनबाईने सांगितलं, ‘सासऱ्यांना फार आवडलाय’, आणि तिच्या मागे बसलेले सासरे तेवढ्या वेळात खिडकीबाहेर बघत राहिले. ओल्या बुडाचा कप तिला एकाही ओट्यावर दिसला नाही. कुणी एक तक्रारसुद्धा केली नाही.

शेवटी ती बाबांकडे गेली. धाकटाही मुद्दाम आला होता. तिने ठेवलेला कप टेबलावर होता, लखलखीत. बाबांनी तो डाव्या हाताने उचलला, फिरवून पाहिला, झाकण काढलं, लावलं. उजवा हात वर्तमानपत्राखाली. धाकटा श्वास रोखून बसला होता. आयुष्यात या माणसाने त्याच्या कोणत्याही कामाला बरं म्हटलेलं नव्हतं.

‘छान आहे,’ बाबा म्हणाले. ‘सांभाळून ठेवतो.’

तिने भावाकडे पाहिलं, तर तो हसत होता. लहानपणी सायकल पहिल्यांदा तोल धरून चालली तेव्हा हसला होता, तसा.

घराबाहेर पडल्यावर तिने त्याला सांगायचा प्रयत्न केला. ‘हे बघ, मला लक्षण बरं दिसत नाही. कुणीही वापरत नाहीये तो. सगळे नुसतं छान म्हणतात.’

‘छान म्हणतात हे वाईट? ताई, तुझं म्हणजे उलटंच असतं.’

‘तो कप हातात घेतला की आपण म्हातारे झालो, आपल्याच्यानं होत नाही, हे सगळ्या घराला दिसतं रे. आणि नाही दिसलं तर खोक्यावर लिहून ठेवलंयस तू.’

‘बाबा छान म्हणाले,’ धाकटा म्हणाला. ‘बाबा. तू होतीस ना तिथे?’

यावर तिच्याजवळ एकच उत्तर होतं, आणि ते देणं तिला जमलं नाही. इतक्या वर्षांनी त्याच्या पदरात पडलेला तो एक शब्द कुठल्या तोंडाने काढून घ्यायचा? तिने साहेबांना मात्र सगळं सरळ सांगितलं, कप कुठे कुठे आणि कसे ठेवलेले पाहिले तेही. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तुम्हाला शिव्या मिळाल्या नाहीत म्हणून तुम्ही नाराज आहात.’ सगळे हसले. ‘आधार’ बाजारात गेला.

एके संध्याकाळी ती एका मोठ्या दुकानात नुसती उभी राहून पाहत होती. एक वयस्क जोडपं आलं. बाईंनी खोका उचलला, वाचला, आणि पलीकडे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा उगाच साबणाच्या वड्या चाळवत होता. त्याचा एक हात खिशात होता. बाईंनी खोका होता तिथे, होता तसाच ठेवला, जरा भिंतीकडे तोंड करून, आणि दोघं साधे कप बघायला पुढे गेले. तिला त्या बाईंचा जराही राग आला नाही. तिने स्वतःही तेच केलं असतं. काही महिन्यांतच दुकानांमधून खोके परत यायला लागले आणि गोदामात धूळ खात पडले. मोठे साहेब धाकट्याला वाईटसाईट बोलले नाहीत. नवीन कामावर घातलं, इतकंच. तो मात्र मिटून गेला. ‘लोकांना कळतच नाही,’ असं म्हणायचा. ‘बाबांना कळलं, लोकांना नाही.’

आणि मग एका सकाळी बाबा न्हाणीघराच्या दाराशी चक्कर येऊन पडले.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातावरची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि भावाबहिणीला बाहेर बोलावलं. ‘हे पाणी पीतच नाहीत का? घसा कोरडा, लघवी कमी. अंगात पाणीच उरलेलं नाही. हे आज-कालचं नाही, किती तरी दिवसांचं आहे.’ दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बाबांना तहान लागत नव्हती असं नाही. पेला उचलावा लागत होता, आणि उचलला की सांडत होता, आणि सांडलेलं कुणी पुसलं की त्यांना ते सहन होत नव्हतं. म्हणून त्यांनी पाणीच सोडलं होतं. घरात, नळ चालू असताना, एक माणूस लाजेपायी तहानेने वाळत चालला होता. शेजारच्या दोन गल्ल्यांत राहणाऱ्या दोन्ही मुलांना याचा पत्ता नव्हता.

कपडे आणायला धाकटा घरी गेला. परत आला तेव्हा कपड्यांच्या पिशवीबरोबर त्याच्या हातात पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तो तिच्या शेजारी बाकावर बसला आणि त्याने फडकं उघडलं. आत नारिंगी कप होता, एक ओरखडा नसलेला.

‘खालच्या खणात होता,’ तो म्हणाला. ‘जुनी घड्याळं आहेत ना त्यात, लोक न्यायलाच आले नाहीत ती? प्रत्येक अशीच फडक्यात बांधलेली. त्यांच्यात होता. त्यांच्यात का ठेवला गं?’

आता मात्र तिला सांगावंच लागलं. दुकानातला कोपरा, भिंग, अलगद लावलेलं झाकण, आणि ‘छान आहे, सांभाळून ठेवा’ म्हणजे काय, ते सगळं तिने सांगितलं. धाकटा ऐकत राहिला. कपाच्या कानावरून त्याचं बोट मागे-पुढे फिरत होतं.

‘तुला तेव्हाच कळलं होतं?’

‘ते बोलले तेव्हाच.’

‘मग मला का नाही सांगितलंस?’

‘तू हसत होतास रे,’ ती म्हणाली.

शेजारून एक नर्स औषधांची गाडी ढकलत गेली. मग तो म्हणाला, ‘म्हणजे माझं काम त्यांनी मेल्यात जमा केलं.’

‘नाही. तुझं नाही,’ ती म्हणाली. ‘तो कप बघून त्यांना वाटलं, तू त्यांना मेल्यात जमा केलंस.’

धाकट्याने कप पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि रडू लागला. दवाखान्याच्या बाकावर रडणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही, ही त्या जागेची मोठी सोय आहे. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला रडू दिलं.

बाबा घरी आले. ती चमच्याने पाणी पाजायची आणि ते भिंतीकडे तोंड करून गिळायचे. तिला ते बघवत नसे, आणि त्यांना ते करवत नसे. धाकटा येऊन फळीवरचा एक कप घेऊन गेला. घरातला नेहमीचा, पांढरा, काठाला निळी रेघ असलेला. कशाला नेतोस, हे तिने विचारलं नाही. कंपनीत ‘आधार’ची फाइल कधीच बंद झाली होती, तेव्हा जे करायचं ते त्याला आपल्या वेळात, आपल्या हाताने करायचं होतं. तो माती भाजणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे जाऊन बसायचा. पहिले काही कप भाजताना तडकले. तो ऑफिसात यायचा तेव्हा त्याच्या नखांत पांढरी माती असायची.

शेवटी एक कप त्याने तिच्या हातात ठेवला. पांढरा, काठाला निळी रेघ. लांबून बघितलं तर फळीवरच्या इतरांचा सख्खा भाऊ. फक्त उचलला की जड लागत होता, तोंडाशी किंचित आत वळलेला होता, आणि एकच कान होता, पण चारी बोटं आत जातील एवढा.

‘काही सांगू नकोस,’ धाकटा म्हणाला. ‘नुसता फळीवर ठेव. सगळ्यात पुढे नको. दुसऱ्या रांगेत ठेव.’

तिने ठेवला. पुढचे काही दिवस तो तिथेच राहिला. रोज आल्यावर ती आधी फळीकडे बघायची, आणि रोज तो कोरडा असायचा. ऑफिसात इतकी वर्षं लोकांच्या ओट्यांकडे बघितलं होतं, पण कुठल्या वस्तूच्या बुडाच्या ओलाव्यासाठी तिने असा जीव टांगून ठेवला नव्हता.

एका दुपारी ती मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. चहा करून किटलीत ठेवला होता. बाबा घेतील ही आशा तिने सोडली होती. स्वयंपाकघरातून आधी फळीवरची खुडबूड ऐकू आली, मग किटलीचा आवाज, मग टेबलावर काहीतरी जड ठेवल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. ती घडी हातात धरून तशीच उभी राहिली.

‘वजन बघा याचं,’ बाबा आपल्याशीच बोलत होते. ‘कप आहे की वजनकाट्याचं माप? आणि हा कान... बोटं जातात, ठीक. अंगठ्यानं कुठे जायचं?’ मग आवाज चढला. ‘अगं ए, हा कान कोणत्या गाढवानं बसवलाय?’

तिने दाराच्या फटीतून पाहिलं. कप बाबांच्या उजव्या हातात होता. हात थरथरत होता, कपाखाली टेबलावर चहाचं ओलं वर्तुळ उमटलेलं होतं, दोन-चार थेंब सदऱ्यावरही होते. बाबांनी कप पुन्हा तोंडाला लावला, घोट घेतला, आणि कानाकडे रागाने बघितलं.

तिने भावाला फोन लावला. ‘बाबा विचारतायत,’ ती म्हणाली, ‘हा कान कोणत्या गाढवानं बसवलाय.’

तिला वाटलं, फोन कट झाला.

‘ताई,’ मग तो म्हणाला. ‘त्यांना विचार, कान किती आत घेऊ?’

ती तशीच, फोन कानाला लावून दारात गेली. ‘बाबा, तो विचारतोय, कान किती आत घेऊ?’

तिच्या तोंडून ‘तो’ निघून गेला हे तिच्या मागाहून लक्षात आलं. बाबांनी कपात पाहिलं. दुकानात झाकण उघडल्यावर गप्प राहत तेवढा वेळ ते गप्प राहिले. मग त्यांनी कप किंचित तिरका करून कान उजेडाकडे धरला.

‘ते असं फोनवर सांगता येत नाही,’ ते म्हणाले. ‘धरून दाखवावं लागतं. ये म्हणावं त्याला.’

धाकटा धापा टाकत आला तेव्हा वर्तमानपत्र खुर्चीवर घडी घालून पडलं होतं. बाबांचा उजवा हात टेबलावर होता, उघडा, कपाला धरून, थरथरणारा. तो त्यांनी मागे घेतला नाही. समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

‘बस इथे,’ ते म्हणाले. ‘आता नीट बघ.’